गोचिडीची गोळी बरेच महिने वापरल्यानंतर: टिक फिव्हरपासून कितपत वाचवते

आमच्या कुत्रीला, भुरीला, एर्लिकिया (टिक फिव्हरचा एक प्रकार) होऊन गेला, तेव्हापासून आम्ही तिला फ्लुरालेनर या गोचिडी मारणाऱ्या औषधाची चघळायची गोळी देतोय, एकही डोस चुकवलेला नाही. मी माहिती शोधत होते तेव्हा 'एकदम बेस्ट' नाहीतर 'विष आहे, देऊ नका' एवढंच वाचायला मिळायचं, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आधी आजाराबद्दल. आपण सरसकट टिक फिव्हर म्हणतो पण त्यात वेगवेगळे आजार येतात. एर्लिकिया हा जीवाणू, तो पांढऱ्या पेशींत शिरतो आणि प्लेटलेट्स धडाधड खाली येतात. बबेसिया हा परजीवी, तो लाल पेशी फोडतो, मग हिरड्या पांढऱ्याफटक पडतात आणि लघवी गडद कॉफीसारखी होऊ शकते. दोन्ही गोचिडीच्या चाव्यातून येतात पण औषधं वेगळी. एर्लिकियाला डॉक्सीसायक्लिन, साधारण ४ आठवडे. बबेसियाला इमिडोकार्बचं इंजेक्शन, आणि त्यातला गिब्सोनी प्रकार असेल तर अ‍ॅटोव्हाक्वोन आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन असा वेगळाच कोर्स. म्हणून 'टिक फिव्हर आहे' एवढ्यावर थांबू नका, नेमका कुठला हे व्हेटला (प्राण्यांच्या डॉक्टरला) विचाराच, आणि एकाच कुत्र्याला दोन्ही एकदम असू शकतात हेही.

भुरी आधी नुसती मलूल होती, जेवण निम्मं सोडायची, ताप कमीजास्त, आणि मग एका संध्याकाळी नाकातून रक्त आलं. ते बघितल्यावर माझे हातपाय गळाले होते. औषधाने ती चार-पाच दिवसांतच उड्या मारायला लागली, पण व्हेटने बजावलं होतं की कोर्स पूर्ण करायचाच, कारण एर्लिकिया महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं अंगात लपून राहतो, कुत्रा वरून ठणठणीत दिसतो, आणि काहींमध्ये पुढे अस्थिमज्जेपर्यंत जातो तेव्हा फार काही हातात राहत नाही. यावर लस नाही. एकदा झाला म्हणजे पुन्हा होणार नाही असंही नाही. म्हणजे आपल्या हातात उरतं ते गोचीड चावू न देणं, चावलीच तर लवकर मारणं.

आता गोळी. ही भरल्या पोटीच द्यायची, उपाशीपोटी नीट शोषली जात नाही. पहिल्या डोसनंतर भुरीचं पोट थोडं बिघडलं होतं, जेवणही कमी केलं, एका दिवसात ठीक, पुढच्या डोसांना काहीच नाही. या गटातल्या गोळ्या (फ्लुरालेनर, अफॉक्सोलेनर, सॅरोलेनर, लोटिलेनर) काही कुत्र्यांमध्ये अंग थरथरणं, तोल जाणं किंवा फिट येणं असं करू शकतात असा इशारा अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१८ मध्ये दिलाय. तुमच्या कुत्र्याला आधी कधी फिट आली असेल तर हे व्हेटला सांगितल्याशिवाय गोळी देऊच नका. भुरीला तसला इतिहास नव्हता म्हणून आम्ही दिली, आणि माझ्या मते ज्या कुत्र्याला टिक फिव्हर होऊन गेलाय त्याच्यासाठी या गोळीचा फायदा जास्त आहे.

मुदतीचं मात्र नीट बघा. सगळे १२ आठवडे म्हणतात, पण माहितीपत्रकात गोचिडीच्या काही जातींसाठी ८ आठवडेच लिहिलेले असतात. तुमच्याकडे कुठली जात आहे ते व्हेटला विचारून तारीख ठरवा आणि फोनमध्ये रिमाइंडर लावा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गोळी गोचिडीला दूर ठेवत नाही. ती चावते, रक्तातून औषध तिच्या पोटात जातं आणि मग ती मरते, साधारण १२ तासांत. त्यामुळे गोळी चालू असतानाही भुरीच्या अंगावर गोचिडी दिसायच्या, पण बहुतेक वाळलेल्या, मेलेल्या. बबेसिया अंगात जायला बहुतेक वेळा दोनेक दिवस लागतात त्यामुळे तिथे गोळी छान काम करते. एर्लिकिया मात्र चावल्यापासून काही तासांतच जाऊ शकतो, म्हणजे गोचीड मरेपर्यंत उशीर झालेला असू शकतो. म्हणून आम्ही व्हेटला विचारून वर फ्लुमेथ्रिन आणि इमिडाक्लोप्रिड या कीटकनाशकांचा गळ्यातला पट्टाही घातला, त्याने गोचिडी चावायच्या आधीच बऱ्याच कमी होतात. तो ८ महिन्यांपर्यंत चालतो पण सारखी आंघोळ घातली तर लवकर संपतो, आणि सैल लोंबकळत ठेवला तर उपयोग नाही, दोन बोटं जातील एवढाच सैल, कातडीला लागलेला हवा.

आणि घर! यावर कोणी बोलतच नाही. तपकिरी गोचीड घराच्या आतच पिढ्यान्पिढ्या काढते. पिल्लू एकदा रक्त पितं, खाली पडतं, कात टाकतं, पुन्हा चढतं, असं करत एकूण तीन वेळा रक्त पितं, आणि शेवटी फुगलेली मादी भिंतीवर चढून फटीत हजारोंनी अंडी घालते. उपाशीही महिनोन्महिने जगते. आम्ही भिंतीच्या फटी बुजवल्या, खाटेखाली आणि स्कर्टिंगच्या कडेने रोज व्हॅक्यूम, आतला कचरा लगेच पिशवीत बांधून बाहेर, अंथरूण गरम पाण्यात, आणि फवारणी ठरावीक अंतराने परत परत, कारण एका फवारणीत अंडी मरत नाहीत. घरात दुसरा कुत्रा असेल तर त्यालाही गोळी हवीच, नाहीतर गोचिडी त्याच्यावर वाढत राहणार. गोळी चालू असलेल्या कुत्र्यावर जी चढेल ती मरते, म्हणून हळूहळू घरातलीच संख्या घटते. आम्हाला हा फरक दिसायला काही महिने गेले. मध्ये मला वाटलं होतं काहीच होत नाहीये, पण आता भिंतीवर एक दिसत नाही.

रोज रात्री बोटांनी चाचपणं चालूच आहे: कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, काखेत, शेपटीखाली, पट्ट्याखाली. सापडली तर टोकदार चिमट्याने कातडीच्या अगदी जवळ धरून सरळ वर ओढायची आणि स्पिरिटमध्ये टाकायची. तेल, रॉकेल, काडीने चटका असलं काही करायचं नाही, बोटांत चिरडायचीही नाही.

मध्यंतरी भुरीची तपासणी केली तर एर्लिकियाची अँटिबॉडी टेस्ट (शरीराने आजाराविरुद्ध बनवलेली प्रथिनं शोधणारी) अजून पॉझिटिव्ह आली, मी हादरलेच. व्हेटने सांगितलं की बरं झाल्यावरही अँटिबॉडी बरेच महिने राहतात, त्यावरून आजार परत आला असं धरायचं नाही, प्लेटलेट्स बघायच्या आणि शंका असेल तर पीसीआर, म्हणजे रक्तात खुद्द जंतूचाच अंश शोधणारी चाचणी. प्लेटलेट्स नॉर्मल, वजन परत भरलंय, त्यामुळे डॉक्सी पुन्हा सुरू केलं नाही.

घरात मांजर असेल तर कुत्र्यासाठीचे परमेथ्रिनचे मानेवर टाकायचे थेंब आणूच नका, मांजरीसाठी ते जीवघेणे असतात, नुसतं कुत्र्याला चाटून किंवा त्याला चिकटून झोपूनही. गोळी आणि पट्टा निवडायच्या आधीच मांजर आहे हे व्हेटला सांगून ठेवा.