हेलसिंकीत माझं मराठी गाणं कोण ऐकत होतं?

मागच्या पावसाळ्यात माझं पहिलं गाणं आलं. शब्द, चाल, गिटार माझं. तबला घंटाळीतल्या मित्राकडून फुकटात वाजवून घेतलेला. तरी रेकॉर्डिंग-मिक्सिंगचे 22 हजार गेलेच. तीन आठवड्यांत स्पॉटिफाय या गाण्यांच्या अ‍ॅपवर स्ट्रीम्सचा, म्हणजे गाणं ऐकलं गेल्याचा, आकडा 340. त्यातला बराचसा आत्याचा. ती फोन उशाशी ठेवून रात्रभर गाणं लावून ठेवायची.

अशात इन्स्टाग्रामवर मेसेज आला, ‘दादा, गाणं भारीये, पण पोचत नाहीये.’ दोन दिवसांनी ठाण्याच्या तलावपाळीवर भेटलो. माझ्याहून दहा वर्षांनी मोठा माणूस मला दादा म्हणत होता, तेव्हाच खटकायला हवं होतं. त्याने कटिंग मागवली, मोबाइलवर इतरांचे चढते आलेख दाखवले आणि म्हणाला, ‘वर्षात हजार स्ट्रीम्स झाल्या नाहीत तर स्पॉटिफाय त्या गाण्याचे पैसेच देत नाही, माहितीये ना?’

हे खरं आहे. 2024 पासून तसा नियमच आहे. त्या एका खऱ्या वाक्याच्या जोरावर त्याने पुढचं सगळं खपवलं. 15 हजारांत 50 हजार स्ट्रीम्स, प्लेलिस्टमध्ये जागा, ‘सगळं ऑर्गॅनिक’, म्हणजे खऱ्या माणसांनी ऐकलेलं, वर गॅरंटी. आणि पिशवीतून काढला पाचशेचा स्टँपपेपर! फसवणारा माणूस स्टँपपेपर घेऊन कशाला येईल, असं मला वाटलं. तिथेच बसून यूपीआयने पैसे पाठवले.

चौथ्या दिवशी एका दिवसात नऊ हजार. मी पेढे आणले. रात्री बायकोने ‘स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्स’ या कलाकारांसाठीच्या अ‍ॅपमधली, गाणं कुठे ऐकलं जातंय त्या शहरांची यादी उघडली. पहिलं हेलसिंकी, दुसरं फ्रँकफर्ट, ठाणे सातवं. गाणं सेव्ह करणारे 11. तिने विचारलं, ‘तिकडे एवढं मोठं मराठी मंडळ आहे का रे?’ मी चिडलो. पेढा तोंडात होता, काय बोलणार.

पाचव्या आठवड्यात डिस्ट्रिब्युटरची, म्हणजे आपलं गाणं स्पॉटिफायवर चढवून देणाऱ्या कंपनीची, मेल आली: कृत्रिम स्ट्रीम्स आढळल्यामुळे गाणं काढलं आहे, रॉयल्टी रोखली आहे. शिवाय दंड. ढळढळीत बनावट स्ट्रीम्स सापडल्या की स्पॉटिफाय डिस्ट्रिब्युटरला प्रत्येक गाण्यामागे आकार लावतं, आणि तो आकार आपल्या खात्यातून वळता होतो. गाण्यासोबत माझे खरे 340 पण गेले. म्हणजे आत्याचेसुद्धा.

तलावपाळीवाल्याचा फोन बंद. मग मी तो स्टँपपेपर पहिल्यांदा नीट वाचला. ‘स्ट्रीम्स’ हा शब्दच नव्हता. ‘प्रमोशन सेवा’ होतं, आणि खाली बारीक अक्षरांत, कोणत्याही प्लॅटफॉर्मने केलेल्या कारवाईस सेवापुरवठादार जबाबदार राहणार नाही. सही माझी, ठळक, लफ्फेदार.

1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला. पलीकडच्या बाईंचा पहिलाच प्रश्न, ‘पैसे कधी पाठवले?’ दोन महिने झाले म्हटल्यावर त्या क्षणभर गप्प झाल्या. लगेच कळवलं असतं तर पुढच्या खात्यात रक्कम अडवता आली असती. लाजेपायी मी कुणाला सांगितलंच नव्हतं. तक्रार नोंदवली आहे, पैसे आलेले नाहीत.

पैसे घेऊन स्ट्रीम्सची किंवा प्लेलिस्टची खात्री देणारी कुठलीही सेवा नियमाबाहेरची, हे स्पॉटिफायनेच लिहून ठेवलंय. त्यांच्या प्लेलिस्ट बनवणाऱ्या संपादकांकडे गाणं पाठवायची सोय ‘स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्स’मध्येच आहे, फुकट. फक्त ते गाणं प्रसिद्ध होण्याआधी पाठवावं लागतं. निदान सात दिवस आधी पाठवलं तर आपल्या फॉलोअर्सच्या ‘रिलीज रडार’ या नव्या गाण्यांच्या प्लेलिस्टमध्येही ते जातं. संपादक निवडतीलच असं नाही. मी हे तेव्हा पाहिलं नव्हतं, कारण मला तलावपाळीवरचा आलेख बघायचा होता.

डिस्ट्रिब्युटरशी महिनाभर मेलामेली करून गाणं पुन्हा चढवलंय. आकडा 86. आत्याला बजावलंय, दिवसातून दोनदाच लावायचं. ती रुसली आहे.