भाड्याच्या घरासाठी कोथरूड : पुण्यात बदलून येणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने

नागपूरहून पुण्याला बदली झाल्यावर आम्ही भाड्याच्या घरासाठी कोथरूड निवडले, आणि इथे राहून आलेल्या अनुभवावर हे परीक्षण लिहीत आहे. घरात शाळकरी मुलगी, पंचाहत्तरी ओलांडलेल्या सासूबाई, हिंजवडीच्या आयटी पार्कमध्ये नोकरी करणारे यजमान आणि शिवाजीनगरला कार्यालय असलेली मी, अशी चौघांची चार दिशांना तोंडे असल्यामुळे बावधन, बाणेर, वाकड आणि सिंहगड रस्ता हे भाग नीट पाहून झाल्यावरच आम्ही निर्णय घेतला. माझे मत आधीच सांगते. ज्या घरात म्हातारी माणसे आणि मुले आहेत आणि मिळवत्यांपैकी निदान एकाचे काम शहराच्या मध्यभागी आहे, त्या कुटुंबाने पौड रस्ता आणि कर्वे रस्ता यांच्या मधल्या जुन्या कोथरूडला पहिली पसंती द्यावी. ज्या घरातली सगळीच मिळवती माणसे रोज हिंजवडीला जाणार आहेत, त्यांनी मात्र इथे घर घेऊ नये. जाण्यायेण्यातच त्यांचा जीव मेटाकुटीला येईल.

कोथरूड म्हणजे नेमके कोणते, हेही बाहेरगावाहून येणाऱ्याने समजून घेतले पाहिजे, कारण चांदणी चौकापलीकडच्या बावधनमधले आणि वारज्याच्या हद्दीतले फ्लॅटही जाहिरातीत सर्रास ‘कोथरूड’ म्हणून दाखवले जातात. मी ज्याविषयी लिहीत आहे त्यात आयडियल कॉलनी, मयूर कॉलनी, डहाणूकर कॉलनी, गुजरात कॉलनी, शिवतीर्थनगर, भुसारी कॉलनी आणि कर्वे पुतळ्याचा परिसर एवढा भाग येतो.

पुण्यात भाड्याचे घर पाहताना पहिला प्रश्न पाण्याचा विचारावा, असे माझे ठाम मत आहे. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांच्या साखळीतून शहराला पाणी मिळते आणि महापालिकेच्या जुन्या हद्दीत ते नळाने घरोघरी पोहोचते. पण २०१७ साली ११ गावे आणि २०२१ साली आणखी २३ गावे महापालिकेत आली, आणि तिथे इमारती जितक्या झपाट्याने उभ्या राहिल्या तितक्या वेगाने जलवाहिन्या पोहोचल्या नाहीत. बावधन बुद्रुक, सूस आणि म्हाळुंगे ही २०२१ साली आलेल्या गावांपैकीच आहेत. बावधनमध्ये आम्ही पाहिलेला एक फ्लॅट आमच्या आताच्या घरापेक्षा दीडपट मोठा होता, स्वयंपाकघराला वेगळी बाल्कनी होती आणि खाली पोहण्याचा तलावही होता. पण सुरक्षारक्षकाच्या टेबलावर टँकरच्या पावत्यांचा जाडजूड गठ्ठा दोऱ्याने बांधून ठेवलेला होता, आणि त्या दिवशी दुपारपर्यंत किती टँकर आले हे त्याच्या वहीत वेळेसकट लिहिलेले होते. मार्चमध्ये ही स्थिती असेल तर मे महिन्यात काय होईल, याचा अंदाज तेवढ्यावरून आला. शिवाय टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये धरलेला आहे की भाडेकरूकडून वेगळा घेतला जाणार आहे, याचे उत्तर एजंटला देता आले नाही.

सिंहगड रस्त्याच्या बाबतीत पाण्याचा प्रश्न दोन बाजूंनी आडवा आला. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्यातून सोडलेले पाणी एकतानगरीतल्या सोसायट्यांत शिरले आणि तळमजल्यावरच्या लोकांचे संसार भिजले, हे पुण्यात सगळ्यांना ठाऊक आहे. त्यानंतर जानेवारी २०२५ मध्ये याच रस्त्याच्या नांदेड गाव, किरकटवाडी आणि धायरी या पट्ट्यात गिया बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले आणि दूषित पाण्याकडे बोट दाखवले गेले. या रस्त्यावर चांगल्या, उंचावरच्या सोसायट्या नाहीत असे मी म्हणणार नाही. पण नदीपासूनचे अंतर, पूररेषा आणि पाण्याचा स्रोत या तिन्ही गोष्टींची खात्री केल्याशिवाय तिथे म्हाताऱ्या माणसांना घेऊन जाणे मला पटले नाही. वाकड पिंपरी चिंचवड महापालिकेत येते. तिथे पवना धरणाचे पाणी आहे, पण नोव्हेंबर २०१९ पासून ते दिवसाआड मिळते.

कोथरूडमध्ये आमच्या इमारतीत सकाळी महापालिकेचे पाणी येते, ते खालच्या टाकीतून गच्चीवरच्या टाकीत चढवले जाते आणि दिवसभर पुरते. देखभालीच्या कामासाठी एखाद्या गुरुवारी पाणी बंद राहते आणि शुक्रवारी ते उशिरा आणि कमी दाबाने येते, एवढीच अडचण आहे. तिची सूचना आदल्या दिवशी वर्तमानपत्रात येते आणि सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावरही फिरते. टेकडीच्या बाजूला चढावर असलेल्या काही इमारतींत मात्र दाब नेहमीच कमी असतो. म्हणून घर पाहायला सकाळी सात वाजता जावे, नळ सोडून पाहावा आणि जिन्यात भेटेल त्या शेजारणीला विचारावे. शेजारणीला घर भाड्याने जावे असे काही पडलेले नसते, त्यामुळे ती खरे सांगते.

प्रवासाच्या बाबतीत कोथरूडचे गुण आणि दोष दोन्ही ठळक आहेत. वनाज ते गरवारे महाविद्यालय ही मेट्रो ६ मार्च २०२२ रोजी सुरू झाली, १ ऑगस्ट २०२३ रोजी ती रुबी हॉलपर्यंत आणि ६ मार्च २०२४ रोजी रामवाडीपर्यंत गेली. त्यामुळे आज आनंदनगर किंवा आयडियल कॉलनी स्थानकाजवळ राहणाऱ्या माणसाला डेक्कन, महापालिका, पुणे रेल्वे स्थानक आणि कल्याणीनगर एका गाडीत गाठता येते, आणि सिव्हिल कोर्टला गाडी बदलून स्वारगेट किंवा पिंपरीलाही जाता येते. माझा शिवाजीनगरचा प्रवास यामुळे इतका भरवशाचा झाला आहे की पावसाळ्यातही किती वाजता पोहोचेन हे मी सकाळीच सांगू शकते. पण मेट्रो पौड रस्त्याने येते आणि नळ स्टॉपजवळ कर्वे रस्त्याला लागते, म्हणजे कर्वे पुतळा, कोथरूड बसस्थानक आणि डहाणूकर कॉलनी या बाजूला ती नाही. तिकडे राहणाऱ्याला पीएमपीएमएलची, म्हणजे शहर वाहतुकीची, बस किंवा रिक्षा धरून स्थानकापर्यंत यावे लागते. ‘मेट्रोपासून पाच मिनिटे’ असे जाहिरातीत लिहिलेले असेल तर ती पाच मिनिटे दुचाकीची असतात. स्वतः चालत जाऊन पाहावे.

वनाजपासून चांदणी चौकापर्यंतच्या वाढीव मार्गाला केंद्र सरकारने जून २०२५ मध्ये मंजुरी दिली, आणि त्या आधारावर काही घरमालक आताच जास्त भाडे मागतात. अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्याने त्यासाठी एक रुपयाही जास्त देऊ नये. बांधकाम सुरू झाल्यावर त्याच्या वाट्याला येतील ते पौड रस्त्यावरचे पत्रे आणि वळवलेली वाहतूक. गाडीत बसण्याचे सुख त्याच्या नंतरच्या भाडेकरूला मिळेल.

हिंजवडी हा कोथरूडचा कच्चा दुवा आहे. अंतर पंधरा ते अठरा किलोमीटर भरते आणि ऑगस्ट २०२३ मध्ये चांदणी चौकातला नवा उड्डाणपूल खुला झाल्यापासून महामार्गाला लागणे पूर्वीइतके जिकिरीचे राहिलेले नाही. तरीही पुढे वाकडच्या बाजूला आणि आयटी पार्कच्या तोंडाशी गाड्या जशा तुंबतात, त्यावर कोथरूडमध्ये राहून काही उपाय नाही. यजमान सकाळी साडेसातला निघतात तेव्हा ठीक असते. नऊला निघाले तर त्यांचा अर्धा दिवस तिथेच वाया जातो. त्यांची घरून काम करण्याची सवलत नसती तर आम्ही हा निर्णय घेतला नसता. घर ठरवण्यापूर्वी कामाच्या दिवशी, खऱ्या वेळेला, विशेषतः संध्याकाळचा परतीचा प्रवास एकदा करून पाहावा. रविवारी दुपारी घर पाहायला आलेल्या माणसाला पुण्यात सगळे फार जवळ वाटते.

आता ज्या गोष्टीमुळे मी कोथरूडला इतके मानते, ती सांगते. सासूबाईंना नागपुरात अंगणाची आणि दाराशी येणाऱ्या भाजीवाल्याची सवय होती, त्यामुळे इमारतीत त्या कोंडून जातील अशी मला मोठी धास्ती होती. इथे त्या सकाळी एकट्या खाली उतरतात, गल्लीच्या टोकाला दुधाच्या पिशव्या घेतात, कोपऱ्यावरच्या दुकानातून निवडलेली मेथी आणि ओले खोबरे घेतात, आणि परतताना देवळाच्या कट्ट्यावर बसलेल्या बायकांशी बोलून येतात. या सगळ्यासाठी त्यांना एकही मोठा रस्ता ओलांडावा लागत नाही. औषधांचे दुकान, पिठाची गिरणी, शिंपी, बँक आणि फॅमिली डॉक्टर हे सगळे त्यांच्या चालण्याच्या टप्प्यात आहे, आणि दीनानाथ मंगेशकर रुग्णालय एरंडवण्यात, म्हणजे रात्रीच्या वेळी रिक्षानेही लवकर पोहोचता येईल इतक्या अंतरावर आहे. थोरात उद्यान, म्हातोबाची टेकडी आणि यशवंतराव चव्हाण नाट्यगृह हे इथल्या रोजच्या जगण्यात मुरलेले आहे. बाणेर आणि वाकडच्या मोठ्या संकुलांत बाग, दुकान आणि व्यायामशाळा फाटकाच्या आत असतात, पण फाटकाबाहेर पाऊल टाकले की पदपथ नसलेला भरधाव रस्ता लागतो, आणि ज्याला गाडी चालवता येत नाही ते माणूस परावलंबी होते. घरातल्या सगळ्यात कमी चालू शकणाऱ्या माणसाला दुसऱ्याची मदत न घेता काय काय करता येते, हे पाहून वस्ती निवडावी, असे मी प्रत्येकाला कळकळीने सांगते.

कोथरूडचा आजचा सर्वांत मोठा दोष म्हणजे पुनर्विकास. इथल्या बऱ्याच इमारती तीन-चार मजली, बिनलिफ्टच्या आणि चाळीस वर्षांच्या घरातल्या आहेत, आणि त्यातल्या एकामागून एक पाडल्या जात आहेत. आमच्या शेजारच्या भूखंडावर खोदकाम सुरू झाले तेव्हा सकाळपासून ब्रेकरचा आवाज, खिडकीच्या गजांवर रोज साचणारी पांढरी धूळ आणि अरुंद गल्लीत अडकून पडणारे मिक्सर यांनी मुलीचा अभ्यास आणि सासूबाईंची दुपारची झोप दोन्ही हिरावले. दमा असलेल्या माणसाने तर याचा फार गांभीर्याने विचार करावा. आणि ज्या इमारतीत आपण राहतो तिचाच पुनर्विकास ठरला तर मूळ मालकांना पर्यायी घराचे भाडे मिळते, भाडेकरूला फक्त घर सोडण्याची सूचना मिळते. म्हणून टोकन, म्हणजे घर ठरवल्याची आगाऊ रक्कम, देण्यापूर्वी सोसायटीच्या अध्यक्षांना किंवा चिटणीसांना थेट विचारावे, की सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९-अ नुसार पुनर्विकासाची विशेष सभा झाली आहे का आणि विकसकाशी करार कुठपर्यंत आला आहे. घरमालक परगावी असेल तर त्याला याची पुरेशी माहिती असतेच असे नाही. दोन्ही बाजूंच्या इमारतींविषयीही हेच विचारावे.

दुसरा दोष माणसांच्या वृत्तीचा आहे आणि तो मला मनापासून टोचतो. ‘शाकाहारी कुटुंबच हवे’, ‘बॅचलर नकोत’ असे इथे सहजपणे सांगितले जाते, आणि आडनाव ऐकल्यावर फ्लॅट अचानक ‘कालच गेला’ असे सांगण्यात आल्याचे अनुभव माझ्या कार्यालयातल्या सहकाऱ्यांनी सांगितले आहेत. सुशिक्षितांची वस्ती म्हणून ज्या भागाचा लौकिक आहे, जिथे महर्षी कर्व्यांचा पुतळा हीच पत्त्याची खूण आहे, तिथे हे चालावे ही लाजिरवाणी गोष्ट आहे. एकट्याने राहणाऱ्या तरुण मुलामुलींनी एजंटला आपली माहिती फोनवरच स्पष्ट सांगावी, म्हणजे निदान हेलपाटे वाचतील.

पैशांचे थोडक्यात सांगते. आम्ही पाहिलेल्या दोन बीएचके घरांची भाडी २४ ते ३५ हजारांच्या दरम्यान होती. लिफ्ट आणि झाकलेले पार्किंग असले की भाडे वाढते. डिपॉझिट सहसा दोन-तीन महिन्यांचे आणि ब्रोकरेज एका महिन्याच्या भाड्याइतके मागतात. करार नोंदणीकृतच करावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. सोसायटी बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः घरात राहत नाही म्हणून घेतले जाणारे) लावत असेल तर ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही, आणि ते मालकाने भरायचे असते. ते भाडेकरूच्या माथी मारण्याचा प्रयत्न झाल्यास नम्रपणे पण ठामपणे नकार द्यावा. घर सोडताना रंगकामाचे किती पैसे कापणार, तो आकडाही करारातच लिहून घ्यावा.

कोथरूडच्या आतही निवड आहे. मेट्रोने जाणाऱ्यांनी आनंदनगर ते आयडियल कॉलनी या पट्ट्यात, पौड रस्त्यापासून दोन गल्ल्या आत घर शोधावे. ज्यांना मेट्रो लागत नाही आणि शांतता हवी आहे, त्यांना डहाणूकर कॉलनीच्या आतल्या गल्ल्या आवडतील, मात्र तिथे चारचाकी लावायला जागा मिळणे कठीण आहे. महामार्गाने रोज बाहेर पडावे लागणाऱ्यांना भुसारी कॉलनी सोयीची आहे. त्यांनी पौड रस्त्याला लागून असलेल्या इमारती टाळाव्यात, कारण चांदणी चौकाकडे चढणाऱ्या अवजड गाड्यांचा आवाज तिथे रात्री उशिरापर्यंत थांबत नाही.