जुन्या ट्रकचं ब्रेक पेडल: तीन बिलं झाली, बिघाड जागच्या जागी

तक्रार साधी होती. व्हॅक्यूम बूस्टर (व्हॅक्यूमनं पायाच्या जोराला मदत करणारा भाग) असलेला, ऑइल ब्रेकचा जुना ट्रक. पेडल दाबलं की स्पंजासारखं लागायचं आणि पाय उचलला की सावकाश वर यायचं. गॅरेजमध्ये पेडलवर दोनदा पाय देऊन निदान झालं, "मास्टर सिलिंडर गेला." म्हणजे पेडल दाबल्यावर ऑइल चाकांकडे ढकलणारा भाग. तो बदलला, पेडल तसंच. "थोडी हवा राहिलीय, चालवाल तशी निघून जाईल." आठवड्यानं परत आल्यावर बूस्टर बदलला. फरक शून्य. तिसऱ्या खेपेला "पहिला मास्टर सिलिंडर डुप्लिकेट लागला" म्हणून दुसरा बसवला आणि पेडल खरंच कडक झालं. मालक समाधानानं गाडी घेऊन गेला. सगळ्यात धोकादायक फसवणूक होती ती हीच.

तिसऱ्या खेपेचा मास्टर सिलिंडर मोठ्या बोअरचा (आतल्या व्यासाचा) होता. बहुतेक सिलिंडरच्या अंगावर बोअरचं माप ओतीव अक्षरांत असतं. मूळ माप 22.2 मिमी, बसवलेला 25.4 मिमी. आकड्यात फरक किरकोळ वाटतो, पण पिस्टनचं क्षेत्रफळ त्यानं सुमारे 30 टक्के वाढतं. पेडल थोडं दाबलं तरी जास्त ऑइल पुढे ढकललं जातं, त्यामुळे ते वर राहतं आणि कडक लागतं. मात्र पायाचा जोर तेवढाच असेल तर लाइनमधला दाब जवळपास 23 टक्क्यांनी घटतो. पायाला ब्रेक सुधारल्यासारखा वाटतो आणि भरलेली गाडी उतारावर आधीपेक्षा लांब जाऊन थांबते. सिलिंडर बदलला असेल तर जुन्या आणि नव्या बॉडीवरचं माप शेजारी ठेवून वाचा. जुना पार्ट परत देत नसतील तर तिथेच थांबा.

सावकाश परत येण्यावर गॅरेजवाल्यांनी आणखी एक इलाज केला होता: पेडलला जादा स्प्रिंग. स्प्रिंगनं पेडल झटकन वर येतं, पण मास्टर सिलिंडरमधला मागचा पिस्टन अडकत असेल तर तो अडकलेलाच राहतो. पिस्टन पूर्ण मागे आला नाही की टाकीकडे जाणारं बारीक भोक झाकलेलं राहतं. चाकांकडचं ऑइल तापून फुगतं, त्याला परत जायला वाट मिळत नाही आणि ब्रेक आपोआप धरू लागतात. पेडल वर दिसावं म्हणून पुशरॉड (पेडलचा जोर पिस्टनला पोचवणारा दांडा) लांब केला तरी हेच होतं. पेडलला थोडी मोकळी चाल हवीच. अनेक गाड्यांत ती काही मिलिमीटर असते, नेमका आकडा त्या गाडीच्या पुस्तकात बघा. बोटानं पेडल दाबून चाल अजिबात लागली नाही तर गाडी बाहेर काढू नका.

फसवणुकीचं मूळ एका वाक्यात होतं: "दोन्ही तक्रारी मास्टर सिलिंडरच्याच." नरम पेडल आणि उशिरा परत येणारं पेडल या बहुतेक वेळा दोन निराळ्या तक्रारी असतात. त्या एका महागड्या पार्टवर ढकलल्या की बिल मोठं होतं आणि तपासणी टळते.

मास्टर सिलिंडर दोषी आहे का, हे ठरवायला तासभरही लागत नाही. इंजिन बंद ठेवून पाच-सहा वेळा पेडल मारायचं, म्हणजे बूस्टरमधला व्हॅक्यूम संपतो. सिलिंडरमधून निघणारे पाइप सोडून त्याच आट्याचे भरीव प्लग बसवायचे. प्लग किंचित ढिले ठेवून हवा जाऊ द्यायची, मग कसायचे. आता पेडल दाबलं की दगडासारखं थांबायला हवं आणि पाय दाबून ठेवला तरी हळूहळू खाली जाता कामा नये. तसं थांबलं तर मास्टर सिलिंडर चांगला आहे, खोट पुढे आहे. "आमच्याकडे प्लग नाहीत" हे उत्तर स्वीकारू नका. ब्रेकचं काम करणाऱ्याकडे ते असायलाच हवेत.

पुढची पायरी होज पाइपांची. साध्या मांडणीत तीन असतात: पुढच्या चाकांना एकेक आणि मागच्या ॲक्सलला एक. प्रत्येकाला गोल जबड्याचा होज क्लॅम्प लावायचा (साध्या पकडीनं आतलं रबर चिरतं, आणि स्टीलच्या जाळीच्या होजला क्लॅम्प लावूच नये). तिन्ही बंद असताना पेडल कडक लागलं तर एकेक सोडत जायचं. ज्याला सोडल्यावर पेडल नरम होतं, तिथे खोट. या ट्रकमध्ये मागचा क्लॅम्प सोडताच पेडल खाली गेलं. एकानं पेडल दाबलं आणि दुसऱ्यानं मागचा होज मुठीत धरला, तर तो हाताला फुगताना कळत होता. बाहेरून त्यावर फक्त बारीक भेगा आणि मधोमध किंचित मऊ जागा होती. दाबलेलं ऑइल चाकात जाण्याऐवजी रबर ताणण्यात खर्च होत होतं. म्हणजे ताबडतोब बदलायला हवा होता तो एक होज.

त्यासोबत मागच्या ड्रमचे लायनर (ड्रमला घासून चाक थांबवणारे पट्टे) ढिले होते. याची खूण सोपी आहे. लागोपाठ दुसऱ्यांदा मारल्यावर पेडल वर येऊन कडक लागलं तर लायनर आणि ड्रममधलं अंतर जास्त आहे. वर येऊनही स्पंज लागलं तर हवा आहे किंवा होज फुगतोय. लायनर गरजेपेक्षा जास्त कसूनही पेडल चार दिवस छान लागतं. मग ड्रम तापतो, लायनर चकाकतात आणि तक्रार नव्यानं सुरू होते.

बूस्टर तर विनाकारण गेला. बूस्टर बिघडला की पेडल सहसा कडक होतं, स्पंज होत नाही. तपासायची रीत: इंजिन बंद ठेवून पाच-सहा वेळा पेडल मारा, पाय दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. पेडल थोडं खाली सरकलं तर बूस्टर काम करतोय. मग पाय तसाच ठेवून इंजिन बंद करा. 30 सेकंद पेडल जागेवर राहिलं तर व्हॅक्यूम गळत नाही. उशिरा परत येण्यात बूस्टरचा हात असू शकतो, कारण पुशरॉडभोवतीचा स्पंजाचा फिल्टर धुळीनं चोंदतो, पण म्हणून आख्खा बूस्टर लगेच बदलत नाहीत.

"चालवाल तशी हवा निघेल" हे शुद्ध खोटं आहे. बंद लाइनमधली हवा चाकावरचं हवा काढायचं निपल उघडल्याशिवाय जात नाही. नवा मास्टर सिलिंडर बसवण्याआधी व्हाइसमध्ये धरून, त्याच्या तोंडांतून नळ्या परत टाकीत सोडून, बुडबुडे थांबेपर्यंत पिस्टन सावकाश दाबायचा असतो. हे काम सर्रास टाळलं जातं. हवा काढताना पेडल भराभर मारलं तर ऑइलचा फेस होतो आणि हवा आणखी विखुरते. जुन्या सिलिंडरवर पेडल तळाला नेऊ नका, खाली लाकडी ठोकळा ठेवा. एरवी न वापरलेल्या भागात गंज असतो आणि तिथे रबर कप कापला जातो. मागे लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह (भारानुसार मागच्या ब्रेकचा दाब ठरवणारा) असेल तर ॲक्सल लटकत ठेवून हवा काढू नका. व्हॉल्व्ह गाडी रिकामी समजून मागची वाट आवळतो.

एका प्रसंगात मात्र मोठं बिल खरं असतं. आपण सगळे "ब्रेक ऑइल" म्हणतो, म्हणून कुणीतरी टाकीत इंजिनचं किंवा स्टिअरिंगचं ऑइल ओततं. ब्रेकचं ऑइल सहसा ग्लायकॉलचं असतं आणि आतलं रबर त्यासाठीच बनलेलं असतं. खनिज तेल लागलं की कप फुगतात, पिस्टन अडकतो आणि दोन्ही तक्रारी एकदम उभ्या राहतात. आधी टाकीच्या झाकणातलं रबर बघा. ते फुगून जागेवर बसत नसेल तर संशय पक्का. टाकीतले चार थेंब पाण्याच्या पेल्यात टाका. डॉट 3 आणि डॉट 4 (ब्रेक ऑइलचे नेहमीचे प्रकार) पाण्यात मिसळतं, खनिज तेलाचा तवंग वर तरंगतो. असं झालं असेल तर मास्टर सिलिंडरचं किट, सगळे व्हील सिलिंडर, तिन्ही होज बदलून लोखंडी पाइप धुवावे लागतात. काटकसर करू नका. कामाआधी ही पेल्याची तपासणी मात्र तुमच्यासमोर व्हायला हवी.

ऑइल सीलबंद डब्यातलंच घ्या आणि डबा समोर उघडायला लावा. ते हवेतली ओल शोषतं. डॉट 3 चा उत्कलनबिंदू कोरडं असताना किमान 205 अंश सेल्सिअस असतो, ओल धरल्यावर 140 पर्यंत उतरतो. डॉट 4 चे आकडे 230 आणि 155. लांब उतारावर ओलं ऑइल उकळलं की लाइनमध्ये वाफ होते आणि पेडल तळाला जातं. थांबून थंड झालं की पेडल पुन्हा ठीक लागतं, म्हणून गॅरेजमध्ये दोष सापडत नाही आणि पुन्हा मास्टर सिलिंडरचं नाव निघतं.

राहिलं ते पेडलचं उशिरा येणं. पुशरॉडची पिन काढून पेडल सुटं केलं आणि हातानं झुलवून पाहिलं, तर जिथे सोडलं तिथेच ते थांबलं. मूळ बुशमधलं ग्रीस वाळून काळ्या डिंकासारखं झालं होतं आणि पिनवर गंजाचं तांबडं कडं बसलं होतं. पिन घासली, दोन बुश बदलले, ग्रीस भरलं आणि ती जादा स्प्रिंग काढून टाकली. हात सोडताच पेडल वर आलं.