पालिकेच्या दवाखान्यातलं लसीकरण: कार्ड नसलं तरी मूल घेऊन जा

मी बांधकामाच्या साइटवरच्या पाळणाघरात काम करते. आमच्याकडची बरीचशी मुलं बिहार, छत्तीसगडची, काही नांदेड-परभणीकडची. काम संपलं की आईबापांचं बिऱ्हाड दुसऱ्या साइटवर, आणि लशींचं कार्ड गावाकडे पेटीत. एका ठिकाणी तर "आधार कार्ड आणा, मग बघू" म्हणून आम्हाला दारातूनच परत पाठवलं होतं.

साइटजवळच्या पालिकेच्या दवाखान्यात असं झालं नाही. अकरा महिन्यांची मुलगी नेली होती. कार्ड नाही, आई नुसती "सुई लगा था" एवढंच सांगत होती. सिस्टरनी आधी पोरीचा डावा दंड उजेडाकडे वळवून बीसीजीचा, म्हणजे क्षयरोगाच्या लशीचा, व्रण शोधला. तो सापडला. मग आईला हिंदीत एकेक विचारलं: मांडीत टोचलं होतं का, तोंडात थेंब दिले होते का, नंतर ताप आला होता का? तिला नीट आठवेना, तरी तिच्यावर कुणी ओरडलं नाही. त्याच दिवशी गोवर-रुबेला उजव्या दंडात, पेंटा (पाच आजारांवरची एकत्र लस) डाव्या मांडीत, पोलिओचे थेंब, सगळं मोफत. नंतर अर्धा तास तिथेच बसवून ठेवलं.

साइटवरच्या आयांना मी हे रोज सांगते, इथेही सांगते: खंड पडला म्हणून डोस पहिल्यापासून मोजत नाहीत. राहिलेले तिथून पुढे देतात, पेंटाच्या दोन डोसांत निदान चार आठवडे ठेवून. पण पेंटाचा पहिला डोस वर्षाच्या आत पडायला हवा. गोवर-रुबेला राहिली असेल तर पाच वर्षांपर्यंत मिळते. "आता उशीर झाला" म्हणून घरी बसू नका.

नोंद यू-विनवर, म्हणजे सरकारच्या लसीकरणाच्या ऑनलाइन नोंदवहीत होते, त्यामुळे पुढचा डोस गावी घेतला तरी मागचं सगळं दिसतं. फक्त नंबर टिकणारा द्या. मुकादमाचा नको, बापाचं सिम तर दर दोन महिन्यांनी बदलतं.

अडचण वेळेची आहे. लसीकरण सकाळचं, आणि त्या दिवशी आईचा खाडा पडतो. आमच्या ठेकेदाराने दोन आयांची अख्ख्या दिवसाची हजेरी कापली, हे मला फार लागलं. महिन्यातून एकदा सिस्टर साइटवरच आल्या तर हा प्रश्नच उरणार नाही. दवाखान्यात मी तसा लेखी अर्ज दिला आहे. बाकीच्या साइटवरच्या ताईंनीही द्यावा.