दोन-चारचा हात आणि माऊस

इंदूरच्या राजवाड्यामागच्या बाजारात बांगड्या भरायला गेलं की बांगडीवाली आधी आपला हात हातात घेते, बोटं जुळवते, अंगठ्याखालचा उंचवटा दाबते आणि आपण तोंड उघडायच्या आत सांगते, “दो-चार.” दोन इंच आणि वर चार सोळांश, हा माझा हात. जाऊबाई दोन-आठ, सून दोन-सहा. डझनभर काचेच्या बांगड्यांसाठी एवढी चौकशी. आणि ज्या वस्तूवर मी रोज आठ-नऊ तास हात ठेवून बसते, ती विकताना १९९८ पासून मला एकदाही कोणी विचारलं नाही की ताई, हात केवढा आहे?

मी राजेंद्र नगरात राहते आणि घरूनच डीटीपी, म्हणजे छपाईची पानं कॉम्प्युटरवर मांडायचं काम करते. लग्नामुंजीच्या पत्रिका, मंडळांच्या स्मरणिका, गणपतीच्या कार्यक्रमपत्रिका, अधूनमधून एखाद्या निवृत्त प्राध्यापकांचा कवितासंग्रह (यात कविता लवकर संपतात, दुरुस्त्या संपत नाहीत). सुरुवात केली पेजमेकर आणि श्रीलिपी या सॉफ्टवेअरवर. तेव्हा माऊसच्या पोटात रबरी गोळी असायची. आठवड्यातून एकदा खालची चकती फिरवून ती बाहेर काढायची आणि आतल्या रुळांवर बसलेला मळ उदबत्तीच्या काडीनं खरवडायचा. तो माऊस काही चांगला नव्हता, पण मध्येच अडकायचा, आणि तो अडकला की माणसाला उठावं लागायचं. आताचे प्रकाशावर चालणारे माऊस अडकतच नाहीत. मग हात अडकतो.

माझा अडकला तो दिवाळीच्या आधी. एका मंडळाच्या स्मरणिकेची दोनशेवर पानं हातात होती. रात्री दोन-अडीचला जाग यायची आणि अंगठा, तर्जनी, मधलं बोट अशी बधिर, जशी दुसऱ्याचीच. हात झटकला की मुंग्या येऊन परत जिवंत व्हायची. करंगळी मात्र ठणठणीत. एके दिवशी पोह्यांची कढई उतरवताना पकड सुटली, तेव्हा हे म्हणाले, आता पुरे, दाखव कोणाला तरी.

फिजिओथेरपीवाली मुलगी हुशार निघाली. करंगळीचं ऐकून तिनं मान डोलावली. मनगटात एक अरुंद बोगदा असतो, त्यातून बोटांकडे जाणाऱ्या नऊ कंडरा, म्हणजे स्नायूंच्या दोऱ्या, आणि एक नस जाते. त्या नसेचा कारभार अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेच्या अर्ध्या भागापुरता. करंगळीची नस वेगळ्या वाटेनं जाते, म्हणून ती मजेत. मनगट वरच्या बाजूला मोडून ठेवलं की बोगद्यातला दाब वाढतो. मग तिनं माझा हात टेबलावर पालथा ठेवायला लावला आणि कोपराखालची दोन हाडं दाखवली. हात पालथा केला की एक हाड दुसऱ्यावर तिढा घालून जातं, हात मिळवायला पुढे करतो तसा उभा धरला की दोन्ही शेजारी-शेजारी येतात. “मावशी, तुम्ही तीस वर्षं तिढा घालून बसलाय,” असं म्हणाली. रात्री मनगटाला पट्टा, काही व्यायाम आणि माऊस बदला, असा हुकूम झाला.

घरी आल्यावर पट्टी घेऊन हात मोजला. मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत १६ सेंटिमीटरला थोडा वर. यांचा साडेएकोणीस. माझ्या टेबलावरचा माऊस मुलानं पुण्याला जाताना मागे ठेवलेला, गेम खेळायचा, लांबीला १२ सेंटिमीटरच्या पुढे, पाठीवर मोठं कुबड. त्याच्यावर तळहात टेकवला तर माझी बोटं बटणांच्या मध्यापर्यंतच पोचायची. म्हणून मी तळहात उचलून, मनगट मोडून, बोटं पुढे ताणून काम करत होते, आणि हे मला पट्टी हातात घेईपर्यंत कळलं नव्हतं! त्याच्या आधीचा लॅपटॉपबरोबरचा चपटा, इवलासा; त्यावर बोटं कोंबडीच्या पायासारखी आकडून बसायची. म्हणजे मोठा चुकला म्हणून लहान बरोबर, असंही नाही. बांगडीचं तसंच आहे, सैल बांगडीही काम करताना त्रासच देते.

मुलगा फोनवर म्हणाला, “आई, ऑनलाइन मागव ना, उद्या येईल.” मागवला. उभा माऊस, म्हणजे हात मिळवायला पुढे करतो तशा उभ्या हातानं धरायचा, सातशेच्या आत, कंपनीचं नाव घेत नाही. पुढच्या दिवशी आला हे खरं. पण उभा असला तरी होता तो यांच्या मापाचा. अंगठा ठेवायची खाच माझ्या अंगठ्याच्या बाहेर जायची. आणि उभ्या माऊसची एक गोष्ट चित्रात कळत नाही: बटण वरून खाली दाबायचं नसतं, बाजूनं दाबायचं असतं. माऊस हलका असेल किंवा पकड सैल असेल, तर क्लिक करताना तो डावीकडे सरकतो. कोरल या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षराचा कोपरा पकडायला जावं आणि शेजारचा गणपती हलावा. तीन आठवड्यांत एका क्लिकचे दोन क्लिक व्हायला लागले. परत करायची मुदत तोवर संपलेली.

मग मी ठरवलं, हात नेल्याशिवाय घ्यायचा नाही.

इंदूरमध्ये कॉम्प्युटरची वस्तू म्हटलं की आर.एन.टी. मार्गावरचा सिल्व्हर मॉल. नावात मॉल आहे म्हणून सरकते जिने आणि गारवा डोळ्यांसमोर आणू नका. अरुंद गल्ल्या, खोक्यांचे ढीग, एका बाजूला प्रिंटर उघडून बसलेली पोरं. विद्यापीठाचं जुनं आवार त्याच रस्त्यावर, त्यामुळे गिऱ्हाईक सगळं विद्यार्थी. माझ्यासारखी नऊवारी नसली तरी पाचवारीतली बाई आत शिरली की प्रत्येक जण समजतो, मुलाचं काहीतरी बिघडलंय. पहिल्या दोन दुकानांत डबा उघडून दाखवायलाच नकार. “सील टूट जाएगी, आंटीजी.” तिसऱ्यात एका पोरानं माझ्याकडे न बघताच गुलाबी रंगाचा माऊस पुढे केला.

चौथं दुकान जिन्याखालचं, दोन माणसं उभी राहिली की भरतं. मालक सिंधी, साठीच्या पुढचे. मी म्हटलं, भाईसाहब, माझा हात लहान आहे आणि दुखतोय, हातात धरून बघितल्याशिवाय घेणार नाही. ते म्हणाले, “तो धरून बघा ना ताई, पैसे थोडेच लागून राहिले.” एवढी मराठी आमच्या इंदुरात बऱ्याच जणांना येते, आणि पुण्याच्या सुनेला वाटते तेवढी वाईट नाही. काउंटरखालून त्यांनी एक प्लॅस्टिकचा ट्रे काढला, भाजीवाल्याकडे असतो तसा. त्यात सात-आठ उघडे माऊस, दाखवायचे. शेजारचं लाकडी स्टूल पुसून दिलं, कीबोर्ड बाजूला केला आणि म्हणाले, आरामात. मी पाऊण तास बसले. मध्ये दोनदा चहा आला.

आधी लॉजिटेक कंपनीचा एम५७५. हा माऊस जागेवरून हलतच नाही, अंगठ्याखाली एक गोळी असते, ती फिरवली की बाण फिरतो. गोळी बघून मला १९९८ आठवलं, तेवढ्यासाठीच घ्यावासा वाटला. मनगटाला खरंच काही करावं लागत नाही. टेबलावर जागा कमी असेल किंवा खांदा दुखत असेल तर जरूर बघा. पण सगळा भार अंगठ्यावर, आणि माझा अंगठा आधीच कुरकुरत होता. शिवाय पत्रिकेची वेलबुट्टी अंगठ्यानं काढायची म्हणजे पायानं रांगोळी घालण्यासारखं. सवयीनं जमतही असेल, मला दिवाळी तोंडावर असताना सवय करायला वेळ नव्हता.

मग लॉजिटेकचाच एमएक्स व्हर्टिकल, हा उभा माऊस. देखणा, ५७ अंशांत कललेला, वजनाला १३५ ग्रॅम. यांच्या हाताला चपखल बसला असता. मी धरला आणि पितळी तांब्या उचलल्यासारखं वाटलं. मालकांनी लगेच काढून घेतला आणि ट्रेच्या तळातून त्याच कंपनीचा ‘लिफ्ट’ नावाचा माऊस काढला. तोच ५७ अंशांचा कल, पण लहान आणि मध्यम हातांसाठी केलेला. कंपनी १९ सेंटिमीटरपर्यंतचा हात धरते. २०२२ मध्ये आलेला. तळहात टेकला, अंगठा खाचेत गेला, तिन्ही बोटं बटणांच्या टोकाशी, करंगळी टेबलावर न घासता कडेवर विसावली. मी काही बोलले नाही, पण बांगडी चढताना शेवटी एक ‘सुर्र’ होते ना, तसं झालं. मालक म्हणाले, “हो गया.”

डावऱ्यांसाठी याच लिफ्टचा आरसा धरल्यासारखा उलटा माऊस मिळतो, हे त्यांनी आपणहून सांगितलं. दुकानात नव्हता, मागवावा लागतो. उभा माऊस दोन्ही हातांना चालत नाही, म्हणून डावऱ्या भाच्याला आपला देऊन टाकायचा विचार असेल तर सोडा.

किंमत दुखते. मी साडेपाच हजारांच्या वर मोजले, ऑनलाइनपेक्षा तीनेकशे जास्तच. घासाघीस केली, त्यांनी माऊसखालची कापडी चटई फुकट दिली, पैसे कमी केले नाहीत. पक्कं बिल दिलं, आणि आठ दिवसांत हाताला नाही पटला तर बदलून देईन असं बिलाच्या मागे पेनानं लिहून दिलं. ते तीनशे मी त्या स्टुलाचे धरते.

आता सात महिने झाले. पहिले चार दिवस वैताग. माऊस घ्यायला हात वरून नेण्याची जन्माची सवय, त्यामुळे प्रत्येक वेळी तो आडवा पाडत होते. हात बाजूनं, पेला उचलायला नेतो तसा न्यायचा असतो. आठवडाभर बाणाचा वेग कमी ठेवला, चाकाच्या मागे त्यासाठी छोटं बटण आहेच. मनगट स्थिर ठेवून कोपरापासून हात हलवायला शिकले. क्लिकचा आवाज जवळजवळ नाही, त्यामुळे दुपारी हे शेजारच्या दिवाणावर झोपलेले असताना काम चालतं. सुरुवातीला आवाज नसल्यानं क्लिक लागलंच नाही असं वाटून मी दोनदा दाबायचे, आणि फायली दोनदा उघडायच्या.

बारीक कामाला, म्हणजे अक्षराच्या वळणावरचे ठिपके सरकवायला, उभा माऊस मला अजूनही पालथ्याइतका चोख वाटत नाही. बोटांच्या टोकांनी जे होतं ते कोपरानं नाही होत. म्हणून एक जुना साधा वायरीचा माऊस शेजारी ठेवलाय, दिवसातून वीसेक मिनिटं त्याचं काम. दोन्ही एकदम लावून चालतात, कॉम्प्युटरला काही वाटत नाही. तो कुबडवाला आणि सातशेचा मात्र कचरागाडीच्या ई-कचऱ्याच्या कप्प्यात गेले. गाडीवरच्या पोरानं विचारलं, चालू आहे का? मी म्हटलं, माझ्यासाठी नाही.

हात? रात्रीचा बधिरपणा दोन महिन्यांत जवळजवळ गेला. पण त्यात पट्टा आहे, व्यायाम आहे, आणि टेबल दोन इंच खाली करून घेतलं तेही आहे. कीबोर्डही बदलला: उजवीकडचे आकडे नसलेला आखूड घेतला, म्हणजे माऊससाठी हात लांब टाकावा लागत नाही. फिजिओथेरपीवाल्या मुलीनं बजावलंय की बोटं सतत बधिर राहिली किंवा अंगठ्याखालचा उंचवटा सपाट व्हायला लागला तर दुकानात नाही, डॉक्टरकडे जायचं. तोच उंचवटा बांगडीवाली दाबून बघते. मागच्या खेपेला तिनं दाबला तेव्हा मी उगाचच तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. “दो-चार,” म्हणाली.

सेलचं, म्हणजे बॅटरीचं, सांगायचं राहिलं. लिफ्टमध्ये चार्जिंग नाही, एक पेन्सिल सेल लागतो. कंपनी म्हणते २४ महिने चालतो. माझा डब्यातला पहिलाच चालू आहे. कॉम्प्युटरला लावायची चिमुकली खुंटी प्रवासात सेलशेजारच्या खाचेत राहते, नाहीतर ब्लूटूथनंही चालतो. तरी मी जास्तीचा सेल आणून ठेवायला परवा यांना पाठवलं. दोन तासांनी आले. सराफ्याच्या खाऊगल्लीकडून आले होते, हातात कचोरीचा पुडा, सेल नाही. दुकान मात्र चांगलं आहे, जिन्याखाली, पण सिल्व्हर मॉलला दुचाकी लावायला जागा मिळणं कठीण, तेव्हा रीगल चौकापासून चालत जा, आणि रविवारी बंद असतं.