दारावरचा सेन्सर की खोलीतला? घराचा अलार्म निवडताना

अलार्म घ्यायला निघालेले बहुतेक जण सायरन किती मोठा आहे ते आधी विचारतात. खरं तर सायरन सगळ्यात शेवटी कामाला येतो. आधी ठरवायला हवं ते हे, की चोराची चाहूल घेणार कोण?

दार-खिडकीचा मॅग्नेटिक सेन्सर अगदी साधा असतो. चौकटीवर रीड स्विच, म्हणजे चुंबकाने चालणारा छोटा स्विच, आणि दाराच्या पल्ल्यावर चुंबक. दार उघडून चुंबक लांब गेलं की पॅनलला, म्हणजे अलार्मच्या मुख्य यंत्राला, खबर जाते. १८५३ साली ऑगस्टस पोप यांनी पेटंट घेतलेल्या अलार्ममध्ये दार उघडलं की सर्किट पूर्ण होऊन घंटा वाजायची. आता बहुधा उलट रचना असते : सर्किट आधीच जोडलेलं, तुटलं की अलार्म. म्हणून वायर कापली तरी तो वाजतो. मात्र काच फोडून कुणी आत शिरलं आणि पल्ला हललाच नाही, तर या सेन्सरला काहीच कळत नाही. लोखंडी दारावर साधा सेन्सर नीट चालेलच असं नाही. त्यासाठी वेगळा मिळतो.

मोशन सेन्सर अंगातून निघणारी उष्णता टिपतो. एक सेन्सर अख्खी खोली सांभाळतो, हा त्याचा मोठा फायदा. समोरून आडवं चालत जाणारा माणूस त्याला चटकन कळतो, थेट त्याच्याच दिशेने येणारा जरा उशिरा. त्यामुळे तो दारासमोर न लावता कोपऱ्यात, साधारण दोन मीटर उंचीवर लावावा. ऊन येणारी खिडकी किंवा हीटर त्याच्या नजरेत नको. काचेपलीकडचं त्याला दिसत नाही, आणि खोली अंगाइतकी तापली की त्याची पकड सैल होते. घरात मांजर-कुत्रं असेल तर पाळीव प्राण्यांसाठीचा प्रकार मागा, पण मांजर कपाटावर चढलं तर तोही फसतो.

एकच घ्यायचा झाला तर मी दारावरचा घेईन. रात्री घरचे झोपलेले असताना तो चालू ठेवता येतो. पाणी प्यायला उठलं तरी सायरन होत नाही. शिवाय दार उघडताक्षणी कळतं. मोशन सेन्सर बोलतो तेव्हा चोर आत आलेला असतो. दिवसभर बंद असणाऱ्या घरात मात्र निदान हॉलमध्ये तरी तो हवाच, कारण तिथे काच फोडून येणाऱ्याला दुसरं कुणी अडवणार नाही.

वायरचा की वायरलेस? बांधकाम चालू असेल तर वायरचाच. सेन्सरची बॅटरी बदलायची कटकट नाही, रेडिओ सिग्नल दाबला जाण्याची भीती नाही. तयार घरात भिंती फोडण्यापेक्षा वायरलेस बरा, पण सेन्सर ठरावीक वेळाने पॅनलला हजेरी देतो का, ते नक्की विचारा. स्वस्तातले काही सेन्सर फक्त अलार्मच्या वेळी बोलतात. बॅटरी संपून गप्प झालेला सेन्सर पॅनलला ओळखूच येत नाही.

अलार्म चालू-बंद करायचा कीपॅड दाराजवळ, पॅनल आतल्या खोलीत. दोन्ही एकाच डब्यात असतील तर चोर तो डबाच आधी फोडेल. पॅनलला बॅकअप बॅटरी आणि वायफायशिवाय सिम कार्डाची सोय हवी, कारण वीज गेली की राउटरही जातो. बसवणारा माणूस घरात असतानाच मेन स्विच बंद करा, दार उघडा आणि मोबाइलवर मेसेज येतो का ते बघा.