एसएसएच टनेल आणि डीबीव्हर: आठ महिने रोज वापरल्यावर

सदाशिव पेठेत आमच्या वहिनींचा फराळाचा व्यवसाय आहे. एरवी चिवडा-चकली, आणि दिवाळीच्या महिना-दीड महिना आधीपासून परदेशी जाणारे डबे. ऑर्डरी पूर्वी वहीत असायच्या. दोन वर्षांपूर्वी मी त्यांना एक छोटी प्रणाली करून दिली, आणि तेव्हापासून "भावोजी, एक काम होतं" हे शब्द कानावर पडले की माझ्या पोटात गोळा येतो. सर्व्हर भाड्याचा, त्यावर उबंटू ही लिनक्स प्रणाली आणि पोस्टग्रेस हा डेटाबेस. मी कोथरूडला घरी बसतो आणि दिवसातून चार-पाचदा तरी त्या डेटाबेसमध्ये डोकवावं लागतं. कुणाचा पत्ता चुकलाय, कुणी एका किलोचे दोन किलो केलेत, कुणाचे पैसे आलेत पण नोंद नाही.

गेल्या आषाढापासून हे डोकावणं मी एसएसएच टनेलमधून करतो, म्हणजे लांबच्या सर्व्हरशी सांकेतिक रूपात बोलणाऱ्या जोडणीतून काढलेल्या भुयारातून. अलीकडच्या टोकाला डीबीव्हर, डेटाबेस उघडून बघायचं सॉफ्टवेअर. त्याआधी काय करत होतो ते सांगायला थोडी लाज वाटते.

पोस्टग्रेस डॉकरमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअर वेगळ्या डब्यात चालवणाऱ्या साधनात, चालत होतं आणि सुरुवातीच्या घाईत मी ५४३२:५४३२ असं त्याचं पोर्ट, म्हणजे आत जायचं नंबरचं दार, बाहेर काढून ठेवलं होतं. यूएफडब्ल्यू ही फायरवॉल चालू होती, तिच्या यादीत २२, ८० आणि ४४३ एवढ्यांनाच परवानगी, त्यामुळे मी निर्धास्त. एका संध्याकाळी सहज डेटाबेसचा लॉग उघडला, तर ‘पोस्टग्रेस’ या नावाने पासवर्ड चुकल्याच्या ओळीमागून ओळी, दर दोन-तीन सेकंदांनी एक. मी त्या नावाने कधीच जात नाही, आणि वहिनींना तर ते नावही माहीत नाही. म्हणजे तिसरंच कुणीतरी रात्रंदिवस कडी वाजवत होतं. डॉकर आयपीटेबल्स या लिनक्सच्या रहदारी-गाळणीत आपले नियम स्वतः लिहितो आणि बाहेर काढलेल्या पोर्टची रहदारी यूएफडब्ल्यूच्या नियमांपर्यंत पोचायच्या आधीच वळवून घेतो. हे डॉकरच्या कागदपत्रांत लिहिलेलं आहे. वाचलं नव्हतं ते मी. उपाय एवढाच की त्या जोडीच्या आधी १२७.०.०.१, म्हणजे यंत्राचा स्वतःपुरता पत्ता (लोकलहोस्ट), लिहायचं. मग सर्व्हरबाहेरून ते पोर्ट दिसतच नाही. तपासताना मात्र घरच्या यंत्रावरून तपासा. सर्व्हरवर बसून यूएफडब्ल्यूला विचारलंत तर ती आपली तीच यादी पुन्हा वाचून दाखवते.

शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यात जशी छोटी दिंडी आहे, तसं आता डेटाबेसकडे जायला एक २२ नंबरचं पोर्ट. मोठा दरवाजा बंदच. माझ्या यंत्रावरचं एक पोर्ट एसएसएच धरून ठेवतं, डीबीव्हर त्यात जे टाकेल ते गुंडाळून २२ मधून पलीकडे जातं, आणि तिथे सर्व्हर स्वतःच स्वतःच्या ५४३२ ला जोडतो. पोस्टग्रेसला वाटतं घरातलंच माणूस आलंय. (एसएसएच १९९५ मध्ये हेलसिंकी तंत्रविद्यापीठात जन्मलं, तेही तिथल्या नेटवर्कवर कुणीतरी जाता-येता पासवर्ड टिपले म्हणून. २१ पोर्ट एफटीपीचं, २३ टेलनेटचं, दोन्ही जुन्या सेवा, मधलं २२ रिकामं होतं, ते याला मिळालं.)

दिंडीवरचा पासवर्ड बंद करून फक्त किल्ल्यांची जोडी ठेवली (सार्वजनिक सर्व्हरवर, खासगी माझ्याकडे), ईडी२५५१९ प्रकारची, आणि खासगी किल्लीला वेगळा सांकेतिक वाक्यांश. इथे मी फसलो. एसएसएचच्या मुख्य सेटिंग्ज फाइलमध्ये पासवर्ड बंद केला, सेवा पुन्हा सुरू केली, आणि तरी दुसऱ्या लॅपटॉपवरून पासवर्ड विचारला जातच होता. अर्धा तास डोकं धरून बसलो. शेवटी कळलं की माझ्या सर्व्हरवर ‘५०-क्लाउड-इनिट’ नावाची एक फाइल आधीपासून होती, तिच्यात पासवर्ड चालू होता. ती आधी वाचली जाते, आणि एसएसएचच्या दरबारात जो पहिला बोलला त्याचं खरं. कुठली फाइल काय म्हणते हे शोधत बसण्यापेक्षा एसएसएचडीला (एसएसएचचा सर्व्हरवरचा भाग) मोठ्या टीचा (-T) पर्याय देऊन चालवा, शेवटी लागू काय झालंय ते तो छापून देतो.

पहिले दोन महिने तक्रार एकच होती, जोडणी मधेच गोठायची. चहा करून यावं तर डीबीव्हरमधलं चक्र गरगरतंय. तुटली असती तर बरं, पण तुटलीय हे कुणालाच कळायचं नाही. एसएसएचमधला ‘सर्व्हर अलाइव्ह इंटरव्हल’ मुळात शून्य असतो, म्हणजे कुणी कुणाची खबर घेत नाही. तो ६० सेकंद केला. आता मिनिटाला एकदा हाक जाते, तीन हाकांना ओ आली नाही तर जोडणी रीतसर मरते आणि ऑटोएसएसएच हे साधन नवी उभी करतं. तेव्हापासून या बाबतीत तक्रार नाही.

आता मुख्य गोष्ट. दसऱ्यानंतरचा गुरुवार होता. पुण्यात गुरुवार म्हणजे देखभालीसाठी वीज जाणार, हे गृहीतच. माझं डेस्कटॉप यंत्र इन्व्हर्टरवर नाही. अकराच्या सुमारास वीज आली, यंत्र सुरू केलं, टनेल आपोआप उभं राहिलं, आणि मी नव्या कामाची चाचणी चालवायला घेतली. ही चाचणी आधी ऑर्डरींचा तक्ता रिकामा करते, मग त्यात खोट्या ऑर्डरी भरते. घरच्या यंत्रावर डेटाबेसची वेगळी प्रत आहे, तिच्यावर रोज दहा वेळा चालवतो. चाचणी हिरवी झाली. पाचव्या मिनिटाला वहिनींचा फोन.

"भावोजी, मला इथे ‘टेस्ट टेस्ट’ नावाच्या बाईंची चाळीस किलो शंकरपाळ्यांची ऑर्डर दिसतेय. बाकी सगळ्या कुठे गेल्या?"

काय झालं होतं? माझ्या एसएसएचच्या फाइलमध्ये पोर्ट पुढे करायच्या, म्हणजे माझ्या यंत्रावरचं पोर्ट सर्व्हरच्या डेटाबेसला जोडायच्या, दोन ओळी होत्या. एक ५४३३ ची, रोजच्या वापरातली. दुसरी सुरुवातीच्या दिवसांतली, ५४३२ ची, काढायची राहून गेलेली. घरचं पोस्टग्रेस ५४३२ वर चालू असल्यामुळे टनेल उघडताना रोज एक सूचना यायची, की हा पत्ता आधीच वापरात आहे. रोज येते म्हणून मी ती वाचणं सोडलं होतं. त्या गुरुवारी घरचं पोस्टग्रेस उठलंच नव्हतं, पोर्ट मोकळं होतं, टनेलने ते घेतलं. चाचणी गेली लोकलहोस्टच्या ५४३२ ला, म्हणजे थेट सदाशिव पेठेत. पासवर्डने तरी अडवायला हवं होतं. पण घरची प्रत करताना आळसाने नाव आणि पासवर्ड दोन्ही तेच ठेवले होते.

सर्व्हरच्या डेटाबेसचा रात्री दोनचा बॅकअप होता म्हणून वाचलो. दोन ते अकरा या वेळातल्या ऑर्डरी वहिनींनी आणि मी व्हॉट्सअॅपचे संदेश आणि पैसे आल्याचे एसएमएस समोर ठेवून पुन्हा भरल्या. संध्याकाळपर्यंत चाललं. रात्री निघताना वहिनी एवढंच म्हणाल्या, "तुमच्या त्या भुयारातून चोर काही आला नाही हो. तुम्हीच आलात."

टनेलच्या बाबतीत हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. टनेल लांबचा डेटाबेस आणून तुमच्या पाटावर बसवतं. पत्ता लोकलहोस्ट, आणि लोकलहोस्ट दिसला की हात सैल सुटतो. त्या रात्रीच काही बदल केले. जुनी ओळ काढली. टनेलचं पोर्ट १५४३२ केलं, म्हणजे घरच्या पोर्टाशी गाठ पडायलाच नको. ‘एक्झिट ऑन फॉरवर्ड फेल्युअर’ चालू केलं, त्यामुळे पोर्ट मिळालं नाही तर एसएसएच कुरकुरत पुढे न जाता बंदच पडतं. घरचा पासवर्ड बदलला. डीबीव्हरमध्ये त्या जोडणीचा प्रकार ‘प्रॉडक्शन’ केला. आता खिडकीला लाल छटा येते आणि कमिट (बदल पक्के करणं) हाताने करावं लागतं. कंटाळा येतो, येऊ दे.

आणि सगळ्यात उपयोगी पडलेलं काम म्हणजे बघण्यापुरतं वेगळं खातं. पोस्टग्रेस १४ पासून ‘पीजी रीड ऑल डेटा’ नावाची तयार भूमिका मिळते, ती त्या खात्याला दिली की झालं. माझी दहातली नऊ कामं नुसती बघण्याचीच निघाली. लिहायचं खातं डीबीव्हरमध्ये साठवलेलंच नाही, दर वेळी पासवर्ड हाताने टाकतो.

हिशेबवाल्या मुलालाही तेच खातं दिलं. त्याची किल्ली सर्व्हरवर चढवताना ओळीच्या सुरुवातीला ‘रिस्ट्रिक्ट’ (म्हणजे सगळ्या सवलती बंद), मग पोर्ट पुढे करायची तेवढी सूट, ‘परमिटओपन’मध्ये फक्त लोकलहोस्टचं ५४३२, आणि आज्ञेच्या जागी खोटी आज्ञा. म्हणजे त्याला सर्व्हरवर काहीच चालवता येत नाही, टनेलपुरता प्रवेश. त्याच्या ऑफिसच्या वायफायवर मात्र २२ बंद आहे, त्यामुळे बिचारा मोबाइलचं हॉटस्पॉट लावून बसतो.

मित्र विचारतात, खासगी नेटवर्क (व्हीपीएन) उभारणारं वायरगार्ड का नाही? चांगलं आहे. २०२० पासून लिनक्सच्या कर्नलमध्येच आहे, आणि माणसं पाच-सहा झाली, सर्व्हर दोन-तीन झाले, की मी तिकडेच जाईन. दोन माणसं आणि एका डेटाबेससाठी मला आणखी एक गोष्ट सांभाळायची नव्हती. पोर्ट उघडं ठेवून टीएलएस (रहदारी सांकेतिक करणारी पद्धत) लावा असंही एकाने सुचवलं. त्यात पोस्टग्रेसच्या ‘एसएसएलमोड’ या सेटिंगला ‘रिक्वायर’ लिहून लोक थांबतात. ते मजकूर झाकतं, पण समोरचा सर्व्हर खरा आहे का हे पक्कं तपासायला ‘व्हेरिफाय-फुल’ लागतं. आणि कडी वाजवणारे तर वाजवतच राहतात. ब्राउझरमधून डेटाबेस उघडायची पानं इंटरनेटवर मोकळी ठेवणाऱ्यांना मी काही बोलत नाही, कालपरवापर्यंत मी कुठे शहाणा होतो.

एक अडचण अजून सुटलेली नाही. वहिनींना दिवसाचा आकडा फोनवर हवा असतो, दुकान आवरताना. मोबाइलवर टनेल उघडायची अॅप्स आहेत, मी दोन लावून पाहिली, पण खासगी किल्ली त्यांच्या फोनवर ठेवायची म्हणजे तो फोन दिवसभर गल्ल्यावर, कुणाच्याही हातात. त्यामुळे सध्या सर्व्हरच रात्री नऊला आकडे काढून मला मेल करतो आणि मी ते व्हॉट्सअॅपवर त्यांना पाठवतो. नऊ वाजून पाच मिनिटं झाली की फोन वाजतो. "भावोजी, झोपलात का?"